रिकामी अठ्ठेचाळीस, भरलेली छत्तीस

घर समर्थ मंदिराजवळ आणि नोकरी एमआयडीसीत. सातारकराला एवढं सांगितलं की पुढचं कळतं. सकाळी राजवाडा, राजपथ, पोवई नाका करत सायकल अशी खाली येते की पायडलला पाय नुसता टेकवून ठेवायचा. संध्याकाळी, दिवसभर मेंटेनन्सची धावपळ करून झाल्यावर, तेच आठएक किलोमीटर उलटे चढायचे.

२०२३ च्या उन्हाळ्यात जुन्या गिअरच्या सायकलला मागच्या चाकात हब मोटर, म्हणजे चाकाच्या मध्यातच बसणारी मोटर, बसवून घेतली. ३६ व्होल्ट, २५० वॅटचं किट. आत छोटी मोटर जोरात फिरते आणि नायलॉनच्या तीन दातेरी चाकांतून तिचा वेग उतरून चाकाला मिळतो, त्या जातीची. सपाटीला झकास चालायची. पण राजवाड्याच्या पुढच्या शेवटच्या चढाला वेग नऊ-दहावर यायचा, मोटर घुमायला लागायची, आणि क्लासवरून परतणारी पोरं शेजारून चालता चालता विचारायची, "काका, ढकलू का?"

त्यावर औषध सगळ्यांना माहीत होतं: छत्तीसऐवजी अठ्ठेचाळीस व्होल्टची बॅटरी. "अठ्ठेचाळीस लाव, उडेल." हे वाक्य मी कमीत कमी सहा जणांकडून ऐकलं असेल. त्यातला एक तर म्हणाला, नवी बॅटरी कशाला, मोटरसायकलची जुनी बारा व्होल्टची आण आणि छत्तीसच्या सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढं एक, टाक; छत्तीस न् बारा अठ्ठेचाळीस, झालं काम. बेरीज बरोबर होती. पण सिरीजमध्ये सगळ्यांतून सारखाच करंट जातो. पाच-सात अँपिअर-अवरची ती बिचारी बॅटरी पंधरा अँपिअर ओढल्यावर सगळ्यात आधी संपणार, आणि संपल्यावरही लिथियमचा पॅक तिच्यातून करंट ढकलतच राहणार, अगदी तिची पोलॅरिटी उलटेपर्यंत. शिवाय लिथियमच्या पॅकमधलं संरक्षणाचं सर्किट, ज्याला सगळे बीएमएस म्हणतात, ते छत्तीसच्या हिशोबानं केलेलं. ते करंट तोडेल तेव्हा त्याच्यावर सगळ्या बेरजेचा ताण येणार. त्याला म्हटलं, बघतो.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका काकांचं मोटर वायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या पंपांच्या मोटरी भरण्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्यांना विचारलं तर हातातली कॉइल खाली न ठेवता म्हणाले, "चढ काय व्होल्टेजनं कमी हुतोय व्हय रं?"

तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याला लिथियमचं काय कळतंय.

आधी आकडे सांगतो, कारण पुढची सगळी गंमत त्यांच्यातच आहे. ३६ व्होल्टचा पॅक म्हणजे ओळीनं दहा सेल. एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, म्हणजे चार्जरवरून काढलेली "छत्तीस" प्रत्यक्षात ४२ असते. ४८ म्हणजे तेरा सेल, भरल्यावर ५४.६. डब्यावर लिहिलेला आकडा हा मधला कुठला तरी, बोलण्यापुरता. मोटरला लागतो तो त्या घटकेचा खरा आकडा. म्हणून तर सकाळी तरतरीत असलेली सायकल बॅटरी उतरली की संध्याकाळी मरगळते.

एका मित्राकडे ४८ चा पॅक होता. "लावून तर बघ दोन मिनिटं" म्हणून तो घेऊन घरी आला. त्याचा प्लग माझ्या कंट्रोलरला, म्हणजे बॅटरीची वीज मोजून मोटरला देणाऱ्या डबीला, बसला नाही, म्हणून मी वाचलो. प्लग बदलायचा म्हणून सोल्डरिंग गन तापत ठेवली आणि तेवढ्या वेळात, हात रिकामे म्हणून, कंट्रोलरचे चार स्क्रू काढले. अ‍ॅल्युमिनियमच्या डबीतून पट्टी बाहेर सरकवली. कडेला मोठा कपॅसिटर, वीज घटकाभर साठवणारा, आडवा झोपवून पांढऱ्या गोंदानं चिकटवलेला. गोंद नखानं खरवडला, तर खाली अक्षरं: ४७० एमएफडी, ५० व्ही. म्हणजे पन्नास व्होल्टपर्यंतचाच.

५४.६ जोडणार होतो त्याला. कदाचित लगेच काही झालंही नसतं. कपॅसिटर थोडंफार सोसतो. दोन दिवस, दोन आठवडे. मग एखाद्या दुपारी सीटखाली फटाका. मित्राला चहा पाजून पॅकसकट परत पाठवला.

मग एक रविवार पुण्याला तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, घालवला. तिथं दुकानदाराला आपण काय मागतोय हे नीट माहीत असावं लागतं, नाहीतर तो आपल्याला त्याच्याकडे काय आहे ते देतो. मी नवा कंट्रोलर घेतला, ३६ आणि ४८ दोन्हींवर चालणारा. काउंटरवरच उघडून दाखवायला लावला: कपॅसिटर ६३ व्होल्टचे, मॉसफेट, म्हणजे करंट चालू-बंद करणारे भाग, ८० व्होल्टचे. पंचवीस अँपिअरचाही होता, थोड्याच जास्त पैशांत. मोह झाला. पण मोटर तीच, तिच्या आतली तांब्याची तार तीच. तेव्हा करंट वाढवायचा नाही असं ठरवून जुन्याइतकाच, पंधरा अँपिअरचा घेतला. या सगळ्या प्रकरणात मी दाखवलेला शहाणपणा मोजायचा तर बहुधा इथंच संपतो.

पॅक पुण्यातच एकाकडून बांधून घेतला. ओळीनं तेरा गट, प्रत्येक गटात चार सेल शेजारी-शेजारी जोडलेले, असे बावन्न सेल, प्रत्येकी २६०० मिलिअँपिअर-अवरचे. ताब्यात घेताना बॅलन्सच्या वायरींवर, म्हणजे प्रत्येक गटापासून निघणाऱ्या बारीक वायरींवर, मल्टिमीटर धरून तेराच्या तेरा आकडे वहीत लिहून घेतले. बांधणारा पोरगा हसला, पण थांबला. सगळे ३.६१ ते ३.६२. ही वही पुढं कामाला आली.

पहिल्यांदा जोडताना ठिणगी उडाली. टच्च असा आवाज आणि पिवळ्या प्लगच्या पितळेवर मोहरीएवढा काळा खड्डा. कंट्रोलरमधले रिकामे कपॅसिटर एका क्षणात भरून घेतात, त्याची ती ठिणगी. छत्तीसलाही उडायची, पण इतकी बोलायची नाही. आता मी शंभर ओहमचा पांढरा पाच वॅटवाला रेझिस्टर दोन वायरींना सोल्डर करून ठेवलाय. आधी त्याच्यातून दोन सेकंद जोडायचं, मग प्लग दाबायचा. ठिणगी नाही.

चाक उचलून फिरवून बघितलं. भरलेल्या छत्तीसवर डिस्प्ले ताशी ३१ दाखवत होता, भरलेल्या अठ्ठेचाळीसवर ४०. व्होल्टेज जितक्या पट, मोकळ्या चाकाचा वेग तितक्या पट. पुस्तकातलं वाक्य आपल्या अंगणात खरं झालेलं बघायला बरं वाटतं. पोरं पण खूश. आई म्हणाली, "चाळीस? सायकलवर?" आणि आत गेली.

त्या चाळीसबद्दल सांगून टाकतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत बॅटरीच्या वाहनाला जी सूट आहे ती मोटरची ३० मिनिटांची शक्ती पाव किलोवॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल तरच. त्याच्या पुढं ते मोटार वाहन. मग नोंदणी, लायसन्स, विमा सगळं आलं. मी डिस्प्लेमध्ये वेगमर्यादा २५ च्या खाली टाकली आणि तिथंच ठेवली. मला हवा होता तो चढ, महामार्गावरचा वारा नव्हे. पण हेही कबूल करतो की घरी बॅटरी बदललेली सायकल त्या सुटीत किती बसते, हा प्रश्न मी स्वतःला फार जोरात विचारलेला नाही. मर्यादा टाकायच्या आधी एमआयडीसीच्या आतल्या मोकळ्या रस्त्यावर एकदा ३३ नं चालवून बघितली. हवा छातीवर हातानं ढकलल्यासारखी लागते. वीसवरून तीसवर जाताना नुसत्या वाऱ्याला कापायला लागणारी शक्ती जवळजवळ साडेतीनपट होते. वाढीव बॅटरी तशीच वाऱ्यावर उडवायची असेल तर गोष्ट वेगळी.

आता चढ. पहिल्याच संध्याकाळी राजवाड्याच्या पुढं सायकल दहाऐवजी तेरानं गेली. क्लासची पोरं मागं राहिली. मी खूश, आठवडाभर सगळ्यांना सांगत सुटलो.

मग एका रविवारी यवतेश्वरचा घाट चढलो. कंपनीतली टेंपरेचर गन बरोबर घेतली होती. महिनाभर आधी याच घाटात छत्तीसवर वर पोचल्यावर हबचं कव्हर ५१ अंश दाखवत होतं. या वेळी ६८. ठीक आहे म्हटलं, आणि सायकल झाडाला टेकवून पाणी प्यायलो. पाच मिनिटांनी सहज पुन्हा गन धरली तर ७४. सायकल उभी आहे, मोटर बंद आहे, आणि कव्हर तापतच चाललंय!

मग डोक्यात प्रकाश पडला. या जातीच्या हबमध्ये वायंडिंग, म्हणजे तांब्याच्या तारेचे वेढे, बाहेरच्या कव्हराला चिकटलेलं नसतं; मधे हवा असते. आतली उष्णता बाहेर यायला वेळ लागतो. म्हणजे गन मला आतली खबर देत नव्हती, पाच-दहा मिनिटांपूर्वीची शिळी बातमी देत होती. आत किती असेल? बाहेर ७४ आणि अजून चढतंय, म्हणजे आत शंभरीच्या आसपास असायला हरकत नव्हती. अर्धा तास तिथंच बसलो. खाली सातारा दिसत होतं, अजिंक्यतारा दिसत होता, आणि मी हबकडे बघत बसलो होतो.

काकांचा प्रश्न तेव्हा कळला. चढाला चाक हळू फिरत असतं. चाक हळू असलं की मोटरला सगळं व्होल्टेज लागतच नाही. कंट्रोलर ते तुकडे करून थोडं थोडं देतो, आणि त्या बदल्यात मोटरच्या तारांतून बॅटरीपेक्षा कितीतरी जास्त करंट फिरतो. बॅटरीकडून १५ अँपिअर दोन्ही वेळा सारखेच. पण छत्तीसला पंधरा म्हणजे ५४० वॅट आणि अठ्ठेचाळीसला ७२०. हे जास्तीचे वॅट कमी वेगावर मोटरमध्ये शिरायचे तर जास्त करंट बनूनच शिरणार. जोर करंटनं वाढतो, तार तापते ती करंटच्या वर्गानं. चढ तेवढाच राहिला होता. मी तो जास्त जाळून चढत होतो.

यावर उपाय निघाला तो फारच साधा, आणि थोडा लाजिरवाणा. पायडल मारायचे. घाट लागायच्या आधीच सायकलचा गिअर खाली टाकायचा आणि वेग बाराच्या खाली येऊ द्यायचा नाही. आला तर थ्रॉटल पिळत बसायचं नाही, उतरायचं. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये सी-५ म्हणून करंटचा आकडा असतो, १० म्हणजे पूर्ण. तो खाली आणला. आता चढाला तेराऐवजी साडेबारा मिळतात, आणि हब घरी पोचल्यावर हाताला सोसतं.

एक्सलचीही काळजी घ्यावी लागली. मोटर चाकाला पुढं ढकलते तेवढ्याच जोरानं एक्सलला उलटं पिळते, आणि फ्रेमच्या खाचेत एक्सलला धरून ठेवणाऱ्या दोन सपाट कडा केवढ्याशा. नट सैल असला आणि एक्सल फिरला की आतून येणाऱ्या वायरी दोरीसारख्या पिळून तुटतात. कंपनीतल्या भंगारातून सहा मिलिमीटरची पट्टी घेतली, दहा मिलिमीटरची खाच पाडली, कानस मारून एक्सलवर घट्ट बसवली आणि दुसरं टोक फ्रेमला आवळलं. दिसायला गाडीला पाटा घातल्यासारखं दिसतं. असू दे.

खरी फजिती पुढंच झाली. जुलै महिना, पावसाची भुरभुर. तीन दिवस चार्जिंग केलं नव्हतं, मधे बाजारातही दोन चकरा झाल्या होत्या. कंपनीतून निघताना बटण दाबलं, डिस्प्लेवर बॅटरीच्या सगळ्या काड्या भरलेल्या. वाटलं, काय बॅटरी आहे! तीन दिवस झाले तरी भरलेलीच. निघालो. पोवई नाक्याच्या अलीकडं चढाला लागलो आणि सगळं एकदम गेलं. हळू होणं नाही, सूचना नाही. मोटर, डिस्प्ले आणि पुढचा दिवासुद्धा, कारण तो त्याच पॅकवर. मागून बसवाल्यानं हॉर्न मारला तेव्हा मी अंधारात, ओल्या रस्त्यावर, एका पायावर. तिथून घरापर्यंत ढकलत नेली. चोवीस किलोची सायकल. पोरं भेटली नाहीत एवढंच नशीब.

घरी आल्या आल्या वही काढली आणि तेरा आकडे पुन्हा घेतले. बारा गट ३.० ते ३.१ च्या दरम्यान, सातव्या नंबरचा २.८४. म्हणजे त्या एका गटानं चढाच्या ओढीत खालची रेघ ओलांडली आणि बीएमएसनं सगळ्यांचं दार बंद केलं. त्यानं त्याचं काम चोख केलं होतं. प्रश्न हा की कंट्रोलरनं त्याच्या आधीच मला का थांबवलं नाही? ४८ च्या पॅकला तो एकेचाळीसच्या आसपास मोटर बंद करतो, मी आधी तपासलेलं होतं. आणि त्या काड्या भरलेल्या कशा?

रात्री कंट्रोलरबरोबर आलेला चिटोरा काढला. त्यात एक ओळ होती, जी मी दुकानात वाचून खूश झालो होतो: ३६ की ४८ हे आपोआप ओळखतो. ओळखतो कसा? त्याला डोळे नाहीत. बटण दाबल्या क्षणी किती व्होल्ट आले तेवढंच त्याला कळतं. आता गणित करा. भरलेली छत्तीस म्हणजे ४२ व्होल्ट. आणि तीन दिवस वापरून तळाला गेलेली अठ्ठेचाळीस, सेलला ३.२ च्या आसपास, गुणिले तेरा... तीही ४२ व्होल्ट. त्या बिचाऱ्यानं संध्याकाळी ४२ बघितले आणि म्हणाला, अरे वा, छत्तीसची बॅटरी काठोकाठ भरलीय. सगळ्या काड्या लावल्या, आणि बंद व्हायची रेघ खाली तिशीपर्यंत नेऊन ठेवली.

मी बराच वेळ हसत होतो. बायकोनं विचारलं काय झालं, तिला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे रिकामा मोठा डबा न् भरलेला छोटा डबा वजनाला सारखाच." आमच्याकडे फिजिक्स असं चालतं.

४८ कायमचं ठरवून द्यायची सोय त्या कंट्रोलरमध्ये नव्हती. म्हणून हँडलवर एक छोटा व्होल्टमीटर लावला, लाल आकड्यांचा. काड्यांकडे आता बघतच नाही. सायकल उभी असताना ४४ च्या खाली असेल तर त्या दिवशी बटण दाबायचं नाही, पायडल मारत किंवा ढकलत जायचं. सातव्या गटावर लक्ष आहे. चार्ज झाल्यावर तो बाकीच्यांबरोबर येतो, पण रिकामा होताना अजूनही सगळ्यांच्या आधी बसतो.

चार्जरचं एक राहिलं. जुना पॅक अजून चांगला आहे, तो भाच्याच्या सायकलला दिला, आणि तो चार्जिंगला आमच्याकडेच असतो. म्हणजे घरात दोन काळे चार्जर, दिसायला जुळे. ४२ चा चार्जर मोठ्या पॅकला लावला तर फार तर चार्जच होणार नाही. पण ५४.६ चा छत्तीसला लावला तर सेलमागं जवळजवळ साडेपाच व्होल्ट. तिथं बीएमएसनं दार लावलं तर लावलं, नाहीतर हॉलमध्ये आग. मी आधी दोन्हींच्या पिना वेगळ्या करून टाकल्या, चुकून लागूच नयेत म्हणून. तरी आईनं मोठ्या चार्जरला देवघरातला लाल दोरा बांधला आहे. ती पिनांवर विश्वास ठेवत नाही.

दिवाळीच्या आधी हबमधून कर्र कर्र यायला लागलं. काकांच्या दुकानात नेऊन हब उघडला. तिन्ही नायलॉनच्या चाकांचं ग्रीस काळं पडून कोरडं झालेलं, आणि एकाचे चार दात उंदरानं खाल्ल्यासारखे. काकांनी चाकं बाजूला काढली, चष्मा कपाळावर चढवला आणि वायंडिंग नाकाशी नेलं. पंपाच्या मोटरीलाही ते असंच करतात. तार कुठं काळवंडलीय का ते बोटानं चाचपलं. वार्निशचा रंग एका बाजूला किंचित गडद झाला होता, तिथं अंगठा थांबला.

"जळली न्हाय," म्हणाले. "पण तू तापवलीयस."

मी मान डोलावली. घाटाचं सांगितलं, करंट कमी केल्याचं सांगितलं. त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही. नवी चाकं यायला आठवडा लागणार होता, म्हणून हब तसाच बांधून ठेवला आणि सायकल कडेला लावायला उचलली. काकांनी पुढचं चाक हातानं फिरवलं, ब्रेक दाबला, आणि खाली वाकून बघितलं.

"सकाळी उताराला येतोस न्हवं?"

"हो."

"पॅड बघ की मग."

मी वाकलो. पुढच्या दोन्ही पॅडचं रबर संपून आतली पत्र्याची कड चमकत होती, आणि रिमवर गोल, बारीक, ताजी रेघ उमटली होती.